सोळा तास आणि एक घास

गेले सहा-सात रविवार मी घरात एक उद्योग मांडलाय. ड्राय बाल्कनीत एका जाड फळीवर भंगारात निघालेल्या वॉशिंग मशीनची मोटर बोल्ट लावून बसवली आहे. पाव हॉर्सपॉवर, मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे. तिच्या दांड्यावर आईच्या जुन्या सुती साडीचे गोल तुकडे एकावर एक ठेवून, मधून शिवून केलेलं चाक. झाला बफ तयार! (हो, बाजारात तयार बफ मिळतो, आणि स्वस्तात मिळतो, मला माहीत आहे. पण आठवडाभर दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या जोडून कोड पाडणाऱ्या माणसाला रविवारी तरी काहीतरी पहिल्यापासून स्वतः करावंसं वाटतं, एवढं समजून घ्या.)

पेशंट आहे बाबांच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलच्या इंजिनाचं ॲल्युमिनियमचं कव्हर. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, मग ४००, मग ८०० नंबरचा वॉटर पेपर, आणि शेवटी चाकाला पॉलिशची वडी घासून बफिंग. पहिल्या दहा मिनिटांत कोपरापर्यंत हात काळे होतात. तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा. अशा अवतारात मी उभा होतो, सकाळचे साडेदहा वाजले होते, आणि बायको उपमा घेऊन आली.

"हात धू आणि खा."

"अगं आत्ता नको, आत्ता कुठे चकाकी यायला लागलीय. तूच भरव ना."

तिनं चमच्याने दोन घास भरवले. आणि मला एकदम विल्यम हर्शेल आठवला! मी लगेच तोंडात उपमा असतानाच गोष्ट सुरू केली. "माहितीये का, युरेनस शोधणारा हर्शेल घरीच दुर्बिणीचे आरसे पॉलिश करायचा. एकदा त्यानं सलग सोळा तास आरशावरचा हात काढला नाही. त्याची बहीण कॅरोलिन त्याला असंच घास भरवायची, आणि कंटाळा येऊ नये म्हणून पुस्तकं वाचून दाखवायची. याला म्हणतात ध्यास!"

बायकोनं तिसरा घास माझ्या तोंडात कोंबला आणि विचारलं, "आणि ती कधी जेवली?"

मला उत्तर माहीत नव्हतं. म्हणजे ही गोष्ट मी शाळेपासून ऐकलेली, चार लोकांना ऐकवलेली, पण हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मग त्या रविवारी रात्री (हात तीन वेळा धुऊन) वाचायला बसलो, आणि पुढचे दोन-तीन वीकएंड त्यातच गेले. तर मंडळी, आजचा लेख त्याबद्दल.

कांशाची वाटी आणि आकाशाचा आरसा

आधी थोडं पॉलिशबद्दल, कारण त्याशिवाय ते सोळा तास कळणार नाहीत.

आज दुर्बिणीचा आरसा म्हटलं की काच डोळ्यांसमोर येते. हर्शेलच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो धातूचा असायचा. तांबं साधारण दोन भाग आणि कथील एक भाग. या मिश्रधातूला स्पेक्युलम म्हणत. आपल्याला हे कुटुंब अगदीच अनोळखी नाही. आजी तळपायाला तूप लावून कांशाच्या वाटीने घासायची, ते कांसंही तांबं आणि कथलाचंच, फक्त त्यात कथील बरंच कमी. कथील वाढवत नेलं की धातू पिवळटपणा सोडून पांढरा होत जातो, त्याला उत्तम चकाकी घेता येते, पण तो काचेसारखा ठिसूळही होतो. ओतलेला आरसा थंड होताना नुसता तडकूनही जायचा. केरळातल्या अरनमुळ्याचे कारागीर आजही याच जातीच्या धातूचे आरसे घरच्या घरी ओतून, हाताने घासून बनवतात.

आता मुख्य मुद्दा. चकचकीत असणं आणि अचूक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या बाल्कनीतला कापडी बफ मऊ आहे, तो खड्ड्यातही शिरतो आणि उंचवट्यावरही घासतो. त्याने चकाकी येते, पण आकार बिघडतो. (पुरावा: कव्हरावरच्या उठावाच्या अक्षरांच्या कडा मी इतक्या प्रेमाने बफ केल्या की त्यातलं एक अक्षर आता साबणाच्या झिजलेल्या वडीसारखं दिसतं. बाबांना अजून दाखवलेलं नाही.) इंजिनाच्या कव्हराला हे चालून जातं. दुर्बिणीच्या आरशाला नाही. त्याचा खोलगटपणा ठरलेल्या आकारापासून केसाच्या जाडीच्या काहीशेव्या भागाइतका जरी हलला तरी तारा ठिपक्यासारखा न दिसता फिसकटतो.

म्हणून तिथे कापड चालत नाही. न्यूटनने १६६८ साली पहिली आरशाची दुर्बीण केली, तेव्हाच त्यानं डांबरासारख्या पिचचा थर वापरला होता. पिच गंमतशीर पदार्थ आहे. पटकन दाबला तर कडक, सावकाश दाबला तर आरशाच्या आकाराप्रमाणे वाहत जाणारा. त्यावर पॉलिशची अगदी बारीक पूड आणि पाणी घालून आरसा घासायचा. एकाच जागी, एकाच दिशेने नाही, सतत फिरत, सतत दिशा बदलत. हात थांबला की पिच बसतो, तापमान बदलतं, आकार हलतो. म्हणजे शेवटच्या टप्प्यात 'जरा चहा पिऊन येतो' ही सोय नाही.

सोळा तासांचं रहस्य हे आहे. ती हौस नव्हती. ती त्या प्रोसेसची गरज होती. आणि ज्या कामात एका माणसाला हात काढता येत नाही, त्या कामाला दुसऱ्या माणसाचे दोन हात लागतातच.

भाड्याचं घर, सगळीकडे कारखाना

विल्यम हर्शेलचा जन्म १७३८ चा, जर्मनीतल्या हॅनोवरचा. बाप लष्करी बँडमध्ये, पोरगाही त्याच बँडमध्ये ओबो वाजवणारा. १७५७ मध्ये तो इंग्लंडला आला आणि १७६६ पासून बाथ या गावात ऑर्गनवादक म्हणून स्थिरावला. दिवसा शिकवण्या, संध्याकाळी कार्यक्रम. थोडक्यात, दिवसाची नोकरी वेगळी आणि डोक्यातला किडा वेगळा. आपल्यातलाच माणूस!

कॅरोलिन त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, जन्म १७५०. लहानपणी टायफस झाला आणि तिची उंची सव्वाचार फुटांवर खुंटली. हिचं लग्न काही होणार नाही, तेव्हा घरकाम करील, हा आईचा हिशोब. १७७२ मध्ये विल्यमने तिला बाथला न्यायचं ठरवलं, तेव्हा आईला मोलकरीण ठेवता यावी म्हणून त्याला पैसे लावून द्यावे लागले. हे वाचून मी क्षणभर थांबलो. बहिणीच्या बदल्यात मोलकरणीचा पगार! पण विल्यमच्या बाजूने एवढं नक्की म्हणता येईल की तिला त्या घरातून बाहेर काढणारा तोच होता. बाथला त्यानं तिला गाणं शिकवायला सुरुवात केली.

आणि मग १७७३ साली साहेबांना आकाशाचं वेड लागलं. चांगली दुर्बीण विकत घेणं परवडेना. गावातलाच एक गृहस्थ आरसे घासण्याचा छंद करून कंटाळला होता, त्याची हत्यारं आणि अर्धवट आरसे विल्यमने उचलले. सेकंडहँड घेतलेल्या हत्यारांनी कुठल्या घराचं भलं केलंय? दिवाणखान्यात सुतार दुर्बिणीची नळी करतोय, झोपायच्या खोलीत दुसरा भाऊ अलेक्झांडर मोठं लेथ उभारतोय, आणि प्रत्येक खोलीचा कारखाना होताना बघून कॅरोलिन हळहळतेय. हे सगळं तिनेच पुढे आठवणींत लिहून ठेवलं. सोळा तासांची गोष्टही आपल्याला तिच्यामुळेच माहीत आहे. भावाला घास भरवता भरवता तिने डॉन किहोटे आणि अरबी सुरस गोष्टी वाचून दाखवल्या. आपण ती गोष्ट त्याच्या चिकाटीची म्हणून सांगतो. लिहिणारीने मात्र स्वतःच्या दिवसाचा हिशोब लिहिला होता.

साचा करायला लागायची घोड्याची लीद आणि चिकणमाती. ती कुटून, चाळून मऊसूत करण्याचं न संपणारं काम बरंचसं कॅरोलिनकडे. १७८१ च्या ऑगस्टमध्ये तीन फुटी आरसा ओतण्याचा घाट घरातल्याच तळघरात घातला गेला. पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्या वेळी भट्टीतून वितळलेला धातू गळून दगडी फरशीवर पसरला, फरशा तापून फुटल्या आणि छतापर्यंत उडाल्या. सगळे जीव घेऊन पळाले, आणि विल्यम दमून विटांच्या ढिगावर कोसळला. (बायकोला हा प्रसंग मुद्दाम वाचून दाखवला. म्हटलं, बघ, मी फक्त मोटर लावलीय.)

पण तोवर काम फत्ते झालेलं होतं. त्याच वर्षी १३ मार्चला त्याच्या सात फुटी दुर्बिणीतून, सहा इंचांहून किंचित मोठ्या घरगुती आरशातून, त्याला एक विचित्र 'तारा' दिसला होता. इतर तारे ठिपके दिसत होते, हा मात्र चकतीसारखा. आधी त्याला तो धूमकेतू वाटला. तो युरेनस होता. त्याआधी तो ग्रह लोकांनी पाहिलाच नव्हता असं नाही. अनेकांनी पाहून तारा म्हणून नोंदवला होता. ठिपका आणि चकती यातला फरक दाखवण्याइतका नेमका आरसा, आणि तो फरक ओळखण्याइतकी तयार नजर, या दोन्ही गोष्टी बाथच्या त्या घरात होत्या. १७८२ मध्ये त्याची दुर्बीण ग्रिनिचच्या राजवेधशाळेत नेऊन ताडून पाहिली, तेव्हा ती तिथल्या दुर्बिणींपेक्षा सरस निघाली! राजाने वर्षाला २०० पौंड बांधून दिले आणि ऑर्गनवाल्याची शिकवण्यांतून सुटका झाली.

एक आवाज बंद झाला

आता बायकोच्या प्रश्नाकडे.

कॅरोलिन चांगली गायची. १७७८ मध्ये हँडेलच्या 'मसाया'त ती मुख्य सोप्रानो म्हणून गायली आणि तिला बर्मिंगहॅमच्या महोत्सवाचं आमंत्रण आलं. तिने नकार दिला. भाऊ संचालन करणार नसेल तर गाणार नाही, म्हणाली. आणि भावाचं लक्ष तोवर आरशांवर लागलं होतं. १७८२ मध्ये विल्यमने संगीत सोडलं आणि दोघं बाथमधून हलले, तेव्हा तिचं जाहीर गाणंही संपलं. तिला कोणी विचारल्याची नोंद मला सापडली नाही.

१७८३ च्या शेवटच्या रात्री, बर्फात, दुर्बिणीच्या यंत्राकडे घाईने धावताना एक लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. सोडवताना मांसाचा लचका निघाला. हे सगळं 'मदत' या एका शब्दात बसवलं जातं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि म्हणूनच मला ती नुसती रडकथा म्हणून सांगायची नाही. विल्यमने तिच्या हातात एक लहान दुर्बीण दिली. १ ऑगस्ट १७८६ ला, भाऊ परदेशी असताना, तिने स्वतःचा पहिला धूमकेतू शोधला. एकूण आठ शोधले. १७८७ पासून राजाकडून तिला वर्षाला ५० पौंड मिळू लागले, आणि तिने लिहून ठेवलंय की हवे तसे खर्च करता येतील असे आयुष्यातले हे पहिलेच पैसे. तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. १७८८ मध्ये विल्यमने लग्न केलं, आणि ज्या घराचा कारभार तिने सोळा वर्षं पाहिला त्या घरातून तिला वेगळं राहायला जावं लागलं. पुढच्या साधारण दहा वर्षांची रोजनिशी तिने स्वतःच नष्ट केली. १८२८ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिलं. १८४८ मध्ये ती वारली, सत्याण्णवाव्या वर्षी. तिच्या आठवणी छापून आल्या त्या १८७६ मध्ये.

चोवीस माणसं आणि एक यंत्र

आपल्या धंद्यातल्या लोकांना पुढचा भाग आवडेल. हर्शेलने चारशेहून जास्त आरसे केले. त्याच्याच हिशोबाने सात फुटी दुर्बिणींचे २००, दहा फुटींचे १५०, वीस फुटींचे ८०च्या आसपास. मग त्याने चाळीस फुटी दुर्बीण काढली. आरसा चार फूट व्यासाचा, वजन अर्ध्या टनाच्या आसपास. हा काही बहिणीच्या हातचे घास खात एकट्याने घासता येणार नव्हता. म्हणून माणसं लावली. बारा-बारांच्या दोन पाळ्या, रात्रंदिवस पॉलिश. म्हणजे आपला नेहमीचा मार्ग: प्रोजेक्ट स्केल होत नाही? माणसं वाढवा! निकाल समाधानकारक आला नाही. इतक्या हातांचा दाब सारखा राहीना.

शेवटी त्याने पॉलिश करणारं यंत्रच बनवलं. आरसा आणि पॉलिशर यांची फिरती, सरकती हालचाल दांडे आणि दातेरी चाकांनी नेमून देणारं. दुसरा, जवळपास दुप्पट वजनाचा आरसा यंत्राने घासून तयार झाला आणि २८ ऑगस्ट १७८९ ला त्यातून शनीचा एन्सेलॅडस हा उपग्रह सापडला. या यंत्राचा तपशील मात्र साहेबांनी छापला नाही. दुर्बिणी विकून घर चालत होतं ना! प्रोप्रायटरी कोड तेव्हाही होता.

पण यंत्राने मूळ दुखणं गेलं नाही. स्पेक्युलम दमट हवेत काळवंडतो, आणि तो उजळायचा म्हणजे पुन्हा पॉलिश, म्हणजे पुन्हा आकार पहिल्यापासून जमवायचा. देवघरातली समई आपण चिंच लावून उजळतो, तिला आकाराची चिंता नसते. इथे प्रत्येक सफाई म्हणजे नवा आरसा करण्याइतकीच मेहनत. १८६९ मध्ये मेलबर्नला ग्रब या डब्लिनच्या कारखानदाराची चार फुटी धातूच्या आरशाची दुर्बीण बसवली गेली. आरसे काळवंडले, आणि हजारो मैलांवर ते पुन्हा घासणारे सराईत हात नव्हते. ही कला कागदावर फारशी उतरलेलीच नव्हती.

सुटका केली काचेने. १८५० च्या दशकात श्टाइनहाइल आणि फूको यांनी काचेवर चांदीचा पातळ मुलामा देऊन आरसे केले. आकार काचेत कायमचा, चकाकी वरच्या थरात. चांदी काळी पडली तर धुऊन नवी द्या, आकाराला धक्का नाही. आपल्या पुण्यात कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात १८८८ साली कावसजी नायगमवालांच्या खटपटीने वेधशाळा उभी राहिली, तिथली वीस इंची दुर्बीणही ग्रबच्याच कारखान्यातली, पण आरसा काचेचा. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाइकनालला गेली.

तर मग, ती कधी जेवली?

कॅरोलिनने ते लिहिलेलं नाही. तिने भावाला कधी भरवलं, काय वाचून दाखवलं, हे लिहिलं.

विल्यम वाईट माणूस नव्हता, हे मला पुन्हा सांगायचंय. त्याने बहिणीला गणित शिकवलं, दुर्बीण करून दिली, तिच्या पगारासाठी राजाकडे शब्द टाकला. पण तिला काय करायचंय हे ठरवताना त्याने प्रत्येक वेळी आधी स्वतःला काय हवंय ते बघितलं. आणि ते त्याच्या लक्षातही आलं नसावं, कारण त्याचे दोन्ही हात आरशावर होते.

मागच्या रविवारी मी हे सगळं बायकोला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बघ बघ, बायकांचं असंच असतं. ती एवढंच म्हणाली, "अरे, माझा प्रबंध जूनपासून बॅगेतून बाहेर निघालेला नाही."

तिचं बाहेरून एमए चाललंय. फॉर्म भरला तेव्हा मीच म्हटलं होतं, रविवारी करशील की, रविवारी आपण मोकळेच असतो. तोच रविवार मी मोटरसकट बाल्कनीत नेऊन ठेवला होता. लेकाला सांभाळणं, स्वयंपाक, वाळत घातलेल्या कपड्यांवरची काळी पूड झटकणं, आणि मधून मधून मला उपमा.

असो. सध्याची व्यवस्था अशी: रविवारी सकाळी आठ ते एक पोरगा माझ्याकडे आणि स्वयंपाकघरही माझ्याकडे. बफ चालू होतो चारनंतर, तोही तासभरच. कव्हर अर्धं चकचकीत, अर्धं काळं असं पडून आहे. या वेगाने दिवाळी उजाडेल. काल पोहे केले (जरा कोरडे झाले), बशी भरली आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवली. तिने मान वर न करता "ठेव तिथे" म्हटलं आणि लिहीत राहिली.

पोहे गार झाले. पण सात पानं झाली.